सांबल उदांग: झणझणीत मलय कोळंबी घरच्या कढईत

मलय भाषेत उदांग म्हणजे कोळंबी आणि सांबल म्हणजे मिरचीचं वाटण. नाव ऐकून आपलं सांबार आठवतं, पण दोघांचा काही संबंध नाही. मलेशिया आणि सिंगापूरच्या मलय घरांत सांबलाचे दोन मुख्य प्रकार दिसतात. एक कच्चं, ताज्या मिरच्या कुटून पानात डावीकडच्या चटणीसारखं वाढलं जाणारं. दुसरं ‘सांबल तुमिस’, म्हणजे वाटण भरपूर तेलात परतून शिजवलेलं. सांबल उदांग या दुसऱ्या प्रकारातलं आहे. रस घट्ट आणि गडद लाल, कडेने लालभडक तेल सुटलेलं, चव आधी तिखट, लगेच आंबटगोड आणि शेवटी समुद्राची खारट खोली.

हा पदार्थ पहिल्यांदा करताना जवळजवळ सगळ्यांची एकच चूक होते. सगळं लक्ष कोळंबीकडे जातं आणि वाटण दहा मिनिटांत उरकलं जातं. खरं गणित उलटं आहे. वाटण परतायला अर्धा तास लागतो आणि कोळंबीला जेमतेम तीन मिनिटं. वाटण नीट शिजलं तर साधी कोळंबीही उत्तम लागते. ते कच्चं राहिलं तर महागातली टायगर कोळंबी आणूनही ताट अर्धवट राहतं.

साहित्य, चार जणांसाठी

कोळंबी 600 ग्रॅम, डोकं आणि कवच असलेली, किलोला 40 ते 50 नग बसतील अशा आकाराची. साफ केल्यावर साधारण निम्मं वजन उरतं. यापेक्षा लहान कोळंबी घेऊ नका, दाट सांबलात ती दिसतही नाही आणि चटकन वातड होते.

सुक्या लाल मिरच्या 30 ग्रॅम. मलेशियात लांब, गुळगुळीत, मध्यम तिखट मिरची वापरतात. आपल्याकडे तो तोल दोन मिरच्या मिळून साधतो: 25 ग्रॅम ब्याडगी रंगासाठी आणि 5 ग्रॅम संकेश्वरी तिखटपणासाठी. नुसती लवंगी घेतलीत तर एवढं वाटण कोणाला खाववणार नाही, आणि मिरची कमी केली तर रसाला अंग राहणार नाही. तिखट कमी हवं असेल तर संकेश्वरी वगळा, पण मिरचीचं एकूण वजन 30 ग्रॅमच ठेवा.

छोटे कांदे, म्हणजे सांबारात घालतात ते, सोलून 150 ग्रॅम. लसूण 4 मोठ्या पाकळ्या. बलाचान (आंबवलेल्या बारीक कोळंबीची वडी, खाली सविस्तर) 10 ग्रॅम. चिंच 20 ग्रॅम. माडाचा गूळ 20 ग्रॅम. एक मोठा कांदा, जाड चकत्या करून. गवती चहाचा एक दांडा. तेल 120 मिलि, वास नसलेलं, सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं रिफाइंड. कोळंबी परतायला वेगळं दोन चमचे. मीठ शेवटी, चव बघून.

एवढं तेल बघून हात आखडतो, हे साहजिक आहे. पण ते शिजवण्याचं माध्यम आहे, सगळं खायचं नाही. शेवटी तीन-चार चमचे सहज काढून ठेवता येतं आणि ते तेल दुसऱ्या दिवशी फोडणीच्या भातात फार छान लागतं.

बलाचान आणि त्याचा कोकणातला सोयरा

बलाचान म्हणजे मिठात आंबवून, उन्हात वाळवून, कुटून वड्या केलेली बारीक कोळंबी. या बारीक कोळंबीला मलय लोक गरागाऊ म्हणतात. कोकण किनाऱ्यावर आपण ज्याला जवळा म्हणतो तो याच कुळातला. फरक असा की आपण जवळा नुसता सुकवतो आणि ते आंबवतात. त्या आंबवण्यातून चवीची जी खोली येते ती नुसत्या सुकवण्याने येत नाही. मलेशियातली मलाका आणि पेनांग ही दोन्ही ठिकाणं बलाचानसाठी नावाजलेली आहेत. गोव्याच्या ‘बाल्चांव’ या पदार्थाचं नावही याच मलय शब्दावरून आल्याचं मानतात. त्यात रस असणाऱ्यांनी एक सनावळी लक्षात ठेवावी: पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 साली गोवा घेतला आणि 1511 साली मलाका. त्यानंतर दोन्ही बंदरांमध्ये पोर्तुगीज जहाजांची ये-जा राहिली. अमेरिकेतली मिरची आशियाच्या किनाऱ्यांवर पसरली तीही मुख्यतः त्यांच्याच व्यापारातून. मात्र बाल्चांवमध्ये आंबटपणा व्हिनेगरचा असतो, सांबल उदांगमध्ये चिंचेचा. एकाचा मसाला दुसऱ्यात घालू नका.

बलाचान मोठ्या शहरांतल्या आशियाई किराणा दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतं. वडी कोरडी, घट्ट, तपकिरी असते. थाई ‘कापी’ किंवा इंडोनेशियाचं ‘तेरासी’ मिळालं तरी चालेल. कापी जास्त ओलसर असते, म्हणून ती 12 ते 13 ग्रॅम घ्या.

काहीच मिळालं नाही तर 15 ग्रॅम सुका जवळा घ्या. चाळून त्यातली वाळू काढा, मंद तव्यावर खमंग भाजा, पूड करा आणि मिळत असेल तर एक छोटा चमचा फिश सॉस त्यात मिसळा. चव जवळची येते, तीच येत नाही. तरी ही वस्तू अजिबात वगळण्यापेक्षा जवळा कितीतरी बरा.

कच्चं बलाचान भाजल्याशिवाय वापरू नका. फॉइलमध्ये गुंडाळून चपटं करा आणि मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन ते तीन मिनिटं ठेवा. उघडल्यावर ते कोरडं, भुसभुशीत, रंगाने किंचित फिकं झालेलं दिसलं पाहिजे. वास उग्र येतो आणि तो फ्लॅटभर पसरतो, म्हणून खिडक्या आणि एक्झॉस्ट फॅन आधीच चालू करा. उरलेली वडी दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, नाहीतर फ्रिजमधल्या दुधालाही वास लागतो. ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी बलाचान घातलेलं कुठलंही सांबल वर्ज्य आहे, मग त्यात कोळंबी दिसो वा न दिसो.

मिरची: भाजायची नाही, उकळायची

मराठी स्वयंपाकात सुकी मिरची हातात आली की तवा तापतो. इथे तो मोह टाळा. भाजलेल्या मिरचीचा धुरकट खमंगपणा आपल्या मसाल्याला शोभतो, पण सांबलाची चव स्वच्छ आणि फळासारखी असते.

देठ काढा, कात्रीने प्रत्येक मिरचीचे दोन-तीन तुकडे करा आणि परातीत झटकून जितक्या निघतील तितक्या बिया काढून टाका. बिया काढल्याने तिखटपणा फारसा कमी होत नाही, कारण तिखटपणा मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो. बिया काढायच्या त्या वेगळ्याच कारणासाठी. त्या मिक्सरमध्ये नीट वाटल्या जात नाहीत, तेलात करपतात, आणि मग रसाला कडवट चव व काळे ठिपके येतात.

तुकडे भरपूर पाण्यात 10 मिनिटं उकळा, गॅस बंद करून आणखी 15 मिनिटं झाकून ठेवा. साल बोटांत चुरगळण्याइतकी मऊ झाली पाहिजे. ते पाणी ओतून द्या. त्यात धूळ उतरलेली असते आणि थोडा उग्रपणाही. वाटणात ते वापरून ‘चव वाया जाऊ देऊ नये’ असं वाटेल, पण त्यातली चव टिकवण्यासारखी नसते. मिरच्या चाळणीत घट्ट निथळा.

मलेशियाच्या बाजारात असं उकडून वाटलेलं मिरचीचं वाटण ‘चिली बोह’ या नावाने तयार मिळतं. घरी एकदम 200 ग्रॅम मिरचीचं करून छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवलंत तर पुढच्या वेळी निम्मं काम वाचेल.

वाटण

जुन्या मलय घरांत ‘बातू गिलिंग’ असे, म्हणजे थेट आपला पाटा-वरवंटा. आता तिथेही मिक्सरच आहे. चटणीच्या भांड्यात आधी मिरच्या आणि लसूण फिरवा, मग छोटे कांदे आणि भाजलेलं बलाचान घाला. पातं अडलं की पाणी न घालता मोजलेल्या 120 मिलि तेलातलंच दोन-तीन चमचे तेल घाला. एक चमचा पाणी घातलंत तर फार बिघडत नाही, पण अर्धी वाटी घातलंत तर ते सगळं कढईत आटवावं लागेल आणि तोवर वाटण परतलं न जाता शिजत राहील. गुळगुळीत वाटा. कांद्याचे खडे राहिले तर ते मिरचीआधी करपतात.

छोटे कांदे नसतील तर आपला लाल कांदा चालतो. त्यात पाणी जास्त असतं, म्हणून परतायला पाच ते सात मिनिटं जास्त धरा.

कोळंबीची तयारी

डोकी आणि कवच काढा, शेपटीचा शेवटचा पेर ठेवा. पाठीवर उभी चीर देऊन काळा धागा ओढून काढा. चीर थोडी खोल दिलीत तर कोळंबी शिजताना फुलासारखी उघडते आणि सांबल तिच्या फटीत बसतं. धुऊन झाल्यावर स्वच्छ फडक्याने अगदी कोरडी करा. ओली कोळंबी कढईत पडली की तिचं पाणी सुटतं आणि अर्धा तास परतलेला रस पुन्हा पातळ होतो. चिमूटभर हळद आणि पाव चमचा मीठ चोळून 10 मिनिटं ठेवा, जास्त नको.

डोकी आणि कवचं टाकू नका. त्यांतला नारिंगी रंग तेलात विरघळणारा असतो. 120 मिलि तेल (वाटताना वापरलं असेल तर उरलेलं) मंद-मध्यम आचेवर गरम करून कवचं 6 ते 7 मिनिटं परता, डोकी झाऱ्याने दाबा, तेल नारिंगी झालं की गाळून घ्या. प्रत्येक मलय घरात असं करतात असं नाही, आणि गडबडीत असाल तर ही पायरी सोडली तरी पदार्थ होतो. पण वेळ असेल तर करा. याने तिखटामागे कोळंबीची चव पसरून राहते.

परतणं

रुंद, जाड बुडाची कढई घ्या, स्टीलची किंवा नॉनस्टिक. लोखंडी नको, चिंचेमुळे रस काळपट होतो आणि धातूची चव उतरते.

गाळलेलं तेल मध्यम आचेवर तापवा. वाटणाचा थेंब टाकल्यावर हलका आवाज आला की सगळं वाटण घाला आणि गवती चहाचा दांडा ठेचून टाका. आपण चहात पाती टाकतो, इथे मात्र तळाचा पांढरट जाड भाग लागतो. आच मंद-मध्यम करा आणि कालथा हातातून सोडू नका.

पहिली पाच मिनिटं वाटण फेसाळतं, रंग नारिंगी असतो आणि नाकाला कच्चा कांदा झोंबतो. दहाव्या मिनिटाच्या आसपास फेस बसतो, वाटण घट्ट होतं, बुडबुडे मोठे आणि संथ होतात आणि फुटताना अंगावर उडतात. इथेच बहुतेक जण थांबतात, कारण ते शिजल्यासारखं दिसतं. थांबू नका. पंधरा ते वीस मिनिटांनी रंग गडद विटकरी-लाल होतो, कांद्याचा झोंबणारा वास जाऊन गोडसर वास येतो आणि कडेने लाल तेल सुटू लागतं.

या क्षणाला मलय स्वयंपाकात ‘पचाह मिन्याक’ म्हणतात. पचाह म्हणजे फुटणं, मिन्याक म्हणजे तेल. आपल्याकडचं ‘तेल सुटेपर्यंत परता’ हे शब्द बदलून तेच आहे. वाटणात पाणी आहे तोवर तेल त्यात धरून राहतं आणि सगळं मिश्रण एकजीव, फिकट दिसतं. पाणी आटलं की तेलाला धरून ठेवणारं काही उरत नाही, ते वेगळं होतं, आणि मिरचीचा रंग त्यात उतरलेला असल्याने ते लाल दिसतं. वाटणाचं तापमान वाढून कच्चेपणा जातो तो यानंतरच. कालथा कढईच्या मधून ओढून बघा. वाट तयार झाली आणि तिच्यात तेल झिरपलं तर वेळ झाली. वाट लगेच बुजली तर अजून पाच मिनिटं.

वाटण खाली लागतंय असं वाटलं तर आच कमी करा, पाणी शिंपडू नका. एकदा करपलं की कडवटपणा गुळाने झाकला जात नाही. तसं झालंच तर वरचं न लागलेलं वाटण दुसऱ्या भांड्यात काढून पुढे चला, तळ खरवडू नका.

आंबट, गोड, खारट

चिंच 100 मिलि कोमट पाण्यात 15 मिनिटं भिजवून कोळ काढा. त्यातला चार मोठे चमचे कोळ आणि किसलेला गूळ वाटणात घाला. मलेशियात ‘गुला मलाका’ वापरतात, तो माडाच्या रसाचा गूळ. गोव्यात आणि दक्षिण कोकणात मिळणारा काळसर माडाचा गूळ त्याचा सख्खा भाऊ, तो मिळाला तर दुसरं काही शोधू नका. नाहीतर उसाचा गडद गूळ 15 ग्रॅम.

कोळ पडताच तेल पुन्हा रसात नाहीसं होईल. घाबरू नका, मंद आचेवर आणखी 8 ते 10 मिनिटं परतलं की ते दुसऱ्यांदा सुटतं. या वेळी रस चमकदार आणि मुरांब्यासारखा दाट होतो. आता चव घ्या. बलाचान मुळात खारट असल्याने मीठ बहुधा अर्धा चमचा पुरतं, कधी तेवढंही लागत नाही. आधीच मीठ घातलं असतं तर आटल्यावर ते खारट झालं असतं.

चव घेताना क्रम असा लावा: जिभेवर तिखट आधी, आंबट मागोमाग, गोड सगळ्यात शेवटी आणि हलकं. गोड पुढे आलं तर चिंच एक चमचा. नुसतंच झोंबत असेल आणि चव उघडत नसेल तर मीठ कमी आहे. धणे, जिरं, गरम मसाला, टोमॅटो, कढीपत्ता यांतलं काहीही यात जात नाही. हात तिकडे वळेल, पण थांबवा. एका घटकाने जरी घुसखोरी केली तरी ती आपली कोळंबी होते, सांबल उदांग राहत नाही.

हवं तर इथे गॅस बंद करून जेवायच्या वेळेपर्यंत थांबता येतं. पाहुणे येणार असतील तर थांबाच.

कोळंबी घालणं

दुसऱ्या तव्यावर दोन चमचे तेल चांगलं तापवा. कोळंबी एका थरात पसरा, एका बाजूने 40 सेकंद, उलटून 40 सेकंद, लगेच ताटलीत काढा. बाहेरून गुलाबी आणि आत अर्धी कच्ची असू द्या. गर्दी झाली तर दोन खेपांत करा, नाहीतर ती भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात उकडते.

सांबल गरम करून कांद्याच्या चकत्या घाला आणि दोन मिनिटं परता. त्या नरम व्हाव्यात पण करकरीतपणा थोडा राहावा. ताटलीत साचलेला कोळंबीचा रस आधी ओता आणि आटू द्या, मग कोळंबी घाला. मध्यम आचेवर दीड ते दोन मिनिटं हलक्या हाताने घोळवा, बस. कोळंबीचा आकार मोकळ्या चंद्रकोरीसारखा झाला की झाली. शेपूट डोक्याकडे टेकून कडं झालं तर जास्त शिजली आणि आता रबरासारखी लागणार. गॅस बंद केल्यावरही दाट सांबलाच्या उष्णतेने ती शिजत राहते, म्हणून थोडं आधीच थांबा आणि पसरट भांड्यात काढा.

मलेशियात यातच ‘पताई’ नावाचे उग्र वासाचे हिरवे दाणे घालतात. ते मिळणाऱ्या देशात राहत असाल तर मूठभर दाणे उभे चिरून, आत कीड नाही ना पाहून, कोळंबीबरोबरच घाला. इथे त्यांना पर्याय शोधू नका. नारळाच्या दुधाचा सौम्य प्रकारही करतात: तेल दुसऱ्यांदा सुटल्यावर 100 मिलि घट्ट दूध घालून मंद आचेवर तीन मिनिटं, उकळी न आणता.

भात

साधा गरम भात पुरेसा आहे, पण ‘नासी लमाक’, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताबरोबर याची जोडी पक्की आहे. दोन वाट्या कोलम 20 मिनिटं भिजवून निथळा. एक वाटी घट्ट नारळाचं दूध, दोन वाट्या पाणी, एक चमचा मीठ, आल्याच्या दोन चकत्या आणि पांदानचं पान गाठ मारून घाला. झाकून मंद आचेवर शिजवा आणि 10 मिनिटं तसाच मुरू द्या. पांदानच्या पानाला बासमतीचा वास येतो, कारण दोन्हींतला सुगंधी घटक एकच आहे. पान नसेल तर आंबेमोहोराच्या मोहाला बळी पडू नका, नारळाच्या दुधात तो फार चिकट होतो. त्याऐवजी अर्धा बासमती घ्या. सोबत काकडीच्या चकत्या, तळलेले शेंगदाणे आणि उकडलेलं अंडं.

उरलं तर

कोळंबीसकट सांबल दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. गरम करताना कोळंबी बाजूला काढा, रस गरम करा, आणि शेवटी तिला फक्त त्यात बुडवा. कोळंबी न घातलेलं सांबल कोरड्या बरणीत, वर तेलाचा थर राहील असं भरलं तर फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं आणि फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. म्हणून पुढच्या वेळी वाटण दुप्पट करा. कढई रुंद असेल तर परतायला फक्त दहाएक मिनिटं जास्त लागतात, आणि त्या सांबलात माकूल, उकडलेली अंडी किंवा तळलेला बटाटा घालून आठवड्यात दुसरं जेवण तयार होतं.